माशाला कसलं आलंय कोरोंटाईन!

जगात कोणाशी तरी वैर असल्याशिवाय माणसाच्या जगण्याला चव येत नाही. कोणाचं भाऊबंदांशी असतं, कोणाचं शेजाऱ्याच्या कोंबड्यांशी. माझं वैर एका वाक्याशी आहे. वाक्य अवघ्या तीन शब्दांचं आहे, व्याकरणदृष्ट्या निर्दोष आहे, आणि महाराष्ट्रात जन्मलेलं मूल ‘आई’च्या पाठोपाठ बहुधा तेच बोलायला शिकतं. ‘काही होत नाही!’

दूध कालचं आहे? पी रे, काही होत नाही. वायर उघडी आहे? हात लाव, काही होत नाही. ओढ्याला पाणी चढलंय? घाल गाडी, काही होत नाही. आणि मग ज्याला काही तरी होतं, त्याला बघायला हीच मंडळी शहाळी घेऊन इस्पितळात हजर होतात आणि खाटेशी बसून सांगतात, “घाबरू नका हो, काही होत नाही!”

या वाक्याने माझे पाच मासे मारले. म्हणून हा लेख.

आता मासे म्हटल्यावर आमच्या भागातल्या वाचकाच्या डोळ्यांपुढे काय येतं ते मला ठाऊक आहे. मुंबई-गोवा रस्त्यावर नागोठणं मागे पडलं आणि कोलाड यायचं राहिलं, की मध्ये आमचं खांब लागतं. गाडीत झोप लागलेल्यांना ते लागत नसे. पण 2011 साली या रस्त्याचं चौपदरीकरण सुरू झालं, आणि पुढे वर्षानुवर्षं जे खड्डे पडले त्यांनी झोपलेल्यांना बरोबर खांबापाशी जागं करायला सुरुवात केली. तेव्हापासून आमचं गाव पुष्कळांना ठाऊक झालं आहे. तर या आमच्या मुलखात मासा दोनच जागी शोभतो, पाण्यात किंवा तव्यावर. पहिल्या पावसात वलगणीचे मासे शेतात चढले की अख्खं गाव कंदील घेऊन बांधावर. मासा काचेत ठेवून त्याच्याकडे नुसतं बघत बसायचं, ही कल्पना आमच्या थोरल्या दादाला अजून पचलेली नाही. “किती दिवस बघणार आहेस?” असं त्याने पहिल्याच आठवड्यात विचारलं होतं. त्यात सहानुभूती होती की भूक, ते मी अजून ठरवलेलं नाही.

माझ्या या वेडाचं मूळ मुंबईत. लहानपणी वडिलांनी मरीन ड्राइव्हवरचं तारापोरवाला मत्स्यालय दाखवलं होतं. ते 1951 साली सुरू झालं. मी त्यानंतर काही वर्षांनी सुरू झालो. काचेपलीकडच्या त्या रंगीत माशांकडे बघताना मी वडिलांचा हात सोडला आणि हरवलो. सापडलो तेव्हा पाठीत धपाटा बसला, पण मासे डोक्यातून गेले नाहीत. पुढे पस्तीस वर्षं बँकेत काचेच्या या बाजूला बसून लोकांना पैसे मोजून दिले. त्या काळात काचेच्या आतल्या प्राण्याचं दुःखही कळलं. निवृत्त झालो तेव्हा ठरवलं, गावी जायचं आणि खाऱ्या पाण्याचे मासे पाळायचे.

गावी आलो तो मुहूर्त मे 2020 चा. तुम्हाला ते दिवस आठवत असतीलच. मुंबईहून येणाऱ्या माणसाकडे तेव्हा गाव ज्या नजरेने बघत होतं, त्या नजरेने पूर्वी फक्त वसुली अधिकाऱ्याकडे बघत. मला थेट गावच्या शाळेत नेलं. चौदा दिवस! ज्या वर्गात मी बे एके बे शिकलो, त्याच वर्गात सतरंजी अंथरून मी साठीच्या घरात पुन्हा मुक्कामाला. मी संतापलो. “माझ्याच गावात मला कोरोंटाईन? अरे, मी काय परका आहे का? मला साधी शिंक नाही!” दादा फाटकाच्या बाहेर दहा हात लांब उभा होता. म्हणाला, “आज नाही. उद्याचं काय सांगावं?” रोज दोन वेळा वहिनी डबा आणून फाटकाजवळच्या दगडावर ठेवायची, मागे सरायची, आणि मग मी डबा उचलायचा. तांदळाची भाकरी, सुक्या जवळ्याची चटणी, एखाद्या दिवशी वालाचं बिरडं. मी ते सगळं खाल्लं आणि तरीही चौदा दिवस रुसून राहिलो. माझी खात्री होती की हा माझा अपमान आहे. ही शाळेची गोष्ट लक्षात ठेवा. पुढे लागणार आहे.

2021 साली टाकी आली. चार फूट लांब, दीड फूट रुंद, दोन फूट उंच, म्हणजे साधारण साडेतीनशे लिटर पाणी. हे खारं पाणी घरी बनवावं लागतं. दादा म्हणाला, “पेणच्या बाजूला मिठागरं काय कमी आहेत? आण एक गोण.” त्याला सांगितलं की मिठागरातलं मीठ म्हणजे समुद्र नव्हे. पाणी आटवून मिठाचे खडे काढून घेतले की मॅग्नेशियमसारखी पुष्कळ द्रव्यं मागच्या कडवट पाण्यात राहून जातात, आणि माशाला ती सगळी लागतात. म्हणून खास बनवलेलं समुद्री मीठ घ्यायचं, लिटरला साधारण पस्तीस ते अडतीस ग्रॅम, आणि विशिष्ट गुरुत्व 1.025 च्या आसपास आहे ना ते मोजायचं. “मग समुद्रच आण रेवदंड्याहून,” दादा म्हणाला. खाडीच्या तोंडचं ते गढूळ पाणी पावसाळ्यात अर्धं गोडं होतं, हेही सांगितलं. तेव्हा तो म्हणाला, “म्हणजे मीठ विकत, पाणी विकत, मासे विकत, आणि खायचे नाहीत.” हिशेब बरोबर होता.

हळूहळू टाकीत सहा मासे जमले. तीन हिरवे क्रोमिस, शेपटीकडे लालभडक होत जाणारा एक फायरफिश, आणि नारिंगी अंगावर पांढरे पट्टे असलेली क्लाउनची जोडी. पुण्याची नात सहा वर्षांची. तिने जोडीला नावं ठेवली. मोठी ती ‘ताई’, धाकटा तो ‘बंड्या’. रोज संध्याकाळी फोन यायचा. मुलगा आणि सून माझ्या तब्येतीची चौकशी अर्ध्या मिनिटात उरकत, आणि उरलेला वेळ फोन टाकीसमोर धरून मी नुसता उभा. ताईने काय खाल्लं, बंड्या कोणाच्या मागे लागला, याचा तपशील रोजच्या रोज पुण्याला जाई.

मग आली 2022 ची दिवाळी. भाऊबीजेला भाचा मुंबईहून आला तो हातात प्लास्टिकची पिशवी घेऊन. पिशवीत निळाशार, पिवळ्या शेपटीचा, रुपयाएवढा ब्लू टँग. “मामा, तुमच्यासाठी!” मुंबई ते खांब, तो रस्ता, ते खड्डे, आणि त्या पिशवीत तो जीव. माझ्या डोळ्यांत पाणी आलं. भाचा हुशार पोरगा. त्याने विचारलं, “मामा, दुकानदार म्हणत होता महिनाभर वेगळा ठेवला तर बरं. एकदम टाकीत सोडायचा का?”

आणि मी म्हणालो... वाचकहो, आता लपवण्यात अर्थ नाही. भाचा नाही म्हणाला, दुकानदार नाही म्हणाला. मी म्हणालो, “अरे सोड. काही होत नाही!”

आठवड्याभराने ताईच्या पंखावर कोणी तरी मीठ भुरभुरल्यासारखे दोन ठिपके दिसले. तिसऱ्या दिवशी अंगभर. क्रोमिस दगडाला अंग घासू लागले. आणि मग एके सकाळी चमत्कार झाला. ठिपके नाहीसे! मी घरात साखर वाटली. दादालाही चमचाभर दिली. तो म्हणाला, “बघ, उगाच घाबरत होतास.”

पुढच्या आठवड्यात ठिपके परत आले, ते रवा सांडावा तसे. दहा दिवसांत तिन्ही क्रोमिस गेले, फायरफिश गेला, आणि शेवटी ताई गेली. उरले दोघे. एक बंड्या, आणि दुसरा तो निळा पाहुणा, ठणठणीत! जो रोग घेऊन आला त्याला काही नाही. आधी एकदा झेललेला असला की अंगात थोडी ताकद येते, आणि मग मासा स्वतः साजरा दिसत दुसऱ्यांना वाटत फिरतो. माणसांतही असे लोक असतात. मी पस्तीस वर्षं त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसलो आहे.

संध्याकाळी पुण्याचा फोन आला. नातीला सांगावंच लागलं. ती रडली नाही. थोडा वेळ गप्प बसली आणि म्हणाली, “आजोबा, तुम्ही गावाला आलात तेव्हा तुम्हाला शाळेत ठेवलं होतं ना?”

“हो गं.”

“मग त्याला का नाही ठेवलं?”

बँकेत ऑडिटरने मला पुष्कळ प्रश्न विचारले. त्यांतल्या एकालाही मी निरुत्तर झालो नव्हतो.

त्या दिवसापासून मी पुस्तकं धरली. त्या ठिपक्यांचं शास्त्रीय नाव ‘क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स’. पहिला शब्द पाठ व्हायला आठ दिवस लागले, दुसरा ऐकताक्षणीच पटला. या परजीवी प्राण्याची लबाडी समजून घ्या, कारण ‘काही होत नाही’वाल्यांचा सगळा डोलारा तिच्यावर उभा आहे. तीन ते सात दिवस तो माशाच्या कातडीखाली आणि कल्ल्यांत जेवतो. पोट भरलं की आपण होऊन गळून पडतो. आपण म्हणतो, मासा बरा झाला! साखर वाटतो! तो तिकडे वाळूत नाहीतर दगडावर कवच करून बसलेला असतो, आणि आत एकाचे शेकडो होत असतात. काही दिवसांनी, कधी काही आठवड्यांनी, कवच फुटतं आणि ती सगळी पिलावळ मासा शोधत सुटते. एक-दोन दिवसांत मासा सापडला नाही तर ती मरते. आता अथांग समुद्रात मासा सापडणं कठीण, म्हणून तिथे हा रोग असूनही मासे धडधाकट. माझ्या चार फुटांच्या टाकीत काय कठीण? जिथे वळाल तिथे ताई!

तेव्हा “समुद्रात नसतात का हो रोग? होऊ द्या की सवय!” असं जे म्हणतात, त्यांना माझं एकच सांगणं आहे. समुद्र साडेतीनशे लिटरचा नाही.

कवचातली पिलावळ 72 दिवसांपर्यंतही निघाल्याची नोंद आहे. म्हणून रोग लागलेली टाकी साफ करायची तर तीत 76 दिवस एकही मासा ठेवायचा नाही. मी तेही केलं. अडीच महिने बाहेरच्या खोलीत दिवे लावलेली, पंप चालणारी, बुडबुडे येणारी संपूर्ण रिकामी टाकी! येणारा-जाणारा विचारायचा, “मासे कुठायत?” दादा परस्पर सांगायचा, “त्याला आता पाणीच बघायला आवडतं.”

आणि बंड्या नि पाहुणा? ते शाळेत होते. नातीनेच बारसं केलं. जी टाकी मला दिवाळीच्या आधी करायची होती आणि मी दिवाळीनंतर केली, तिचं नाव आमच्या घरात ‘शाळा’ असं पडलं.

ही शाळा उभारायला काय लागतं ते आता सांगतो, म्हणजे ‘खर्च फार, खटाटोप फार’ ही पळवाट बंद होईल. दोन फूट लांब, एक फूट रुंद, एक फूट उंच काचेची साधी टाकी. काठोकाठ भरली तर साडेछप्पन्न लिटर; आपण पन्नास भरायची. वर झाकण हवंच, कारण घाबरलेला मासा उडी मारतो आणि आमच्याकडे खाली मांजर बसलेलं असतं. तळाला वाळू नाही, दगड नाही, शोभेचं काहीही नाही. लपायला प्लंबरकडचे पीव्हीसी पायपाचे तुकडे आणि कोपरे. मी कोलाडच्या बाजारातून आणले तेव्हा दुकानदाराने विचारलं, “संडासचं काम काढलंय का?” मी ‘हो’ म्हटलं. प्रत्येक ठिकाणी विज्ञान सांगत बसणं प्रकृतीला झेपत नाही.

पाणी खेळतं ठेवायला हवेच्या पंपावर चालणारा स्पंजचा फिल्टर. आणि इथे लोक चुकतात. नवा कोरा स्पंज उपयोगाचा नाही. माशाच्या मलमूत्रातून पाण्यात अमोनिया होतो, आणि तो पचवून निरुपद्रवी करणारे जंतू स्पंजात आधी वसावे लागतात. म्हणून तो स्पंज महिनाभर आधी मोठ्या टाकीच्या पाण्यात नुसता टाकून ठेवायचा. हे आमच्या वहिनीला दोन वाक्यांत कळलं. “म्हणजे विरजण की हो, भावजी!” बरोबर विरजण. दूध तापवल्यावर शेजारी विरजण मागत फिरणारी बाई आणि मासा घरी आल्यावर फिल्टर शोधणारा माणूस, यांत फरक इतकाच की दूध नुसतं नासतं. मात्र मोठ्या टाकीतच रोग असेल तर हे विरजणही नासकं. माझ्या बाबतीत ते तसंच होतं, म्हणून मला नवा स्पंज घेऊन रोज अमोनिया तपासत आणि पाणी बदलत बसावं लागलं.

हीटर आणि थर्मामीटर लागतो. पाणी 25 ते 27 अंशांवर ठेवायचं. मे महिन्यात खांबला हीटर नुसता शोभेला, तेव्हा पाण्यावर छोटा पंखा. जाळी, नळी, फडकं, सगळं शाळेचं वेगळं, आणि खोलीही वेगळी. इकडचा हात न धुता तिकडे बुडवायचा नाही. इतकं केलं की नवा मासा निदान चार आठवडे तिथे. खातो का, श्वास जोरात घेतो का, अंग घासतो का, हे रोज बघायचं. ठिपके दिसले तर औषध तिथल्या तिथे. त्या औषधातला मुख्य ऐवज म्हणजे तांबं. कॉपर सल्फेट, म्हणजे आपला मोरचूद. सुपारीच्या बागेत चुन्यात कालवून फवारतात तोच! हे ऐकून दादाला प्रथमच माझ्या छंदात रस वाटला. “मग टाकू का मूठभर?” मी त्याचा हात वरच्या वर धरला. लिटरला तांबं 0.15 ते 0.20 मिलिग्रॅम, मिलिग्रॅम! कमी पडलं तर रोग मरत नाही, जास्त झालं तर मासा मरतो. तयार बाटलीतल्या औषधाचं प्रमाण त्याच्या जातीप्रमाणे निराळं असतं, ते बाटलीवर वाचायचं आणि रोज चाचणीने मोजायचं. वाळू-दगड का नकोत, तेही इथेच कळतं. ते तांबं शोषून घेतात. आणि मोठ्या टाकीत औषध का टाकायचं नाही? कारण तिथली कोळंबी, शंख, प्रवाळ, सगळ्यांना तांब्याने मरण. म्हणून रोग आल्यावर वेगळी टाकी करू म्हणणारा माणूस हा घर पेटल्यावर विहिरीचा मुहूर्त काढणारा.

आता विरोधी पक्षाकडे वळतो.

पहिला म्हणतो, “दुकानात कसा चपळ होता!” असणारच. हा रोग बऱ्याचदा आधी कल्ल्यांत शिरतो, आणि कल्ल्यांत डोकावून बघणारं गिऱ्हाईक फक्त मासळीबाजारात असतं. शिवाय काही दुकानांत पाण्यात आधीच थोडं तांबं असतं. त्याने रोग मरत नाही, दबून राहतो, आणि तुमच्या घरी येऊन मोकळा श्वास घेतो.

दुसरा म्हणतो, “हा पकडलेला नाही, हॅचरीतला आहे.” उत्तम. तमिळनाडूत मंडपमला केंद्रीय समुद्री मत्स्य संशोधन संस्थेच्या केंद्राने क्लाउनची पैदास करून दाखवलेली आहे, आणि असेच मासे घ्यावेत असं माझंही मत आहे. समुद्रातल्या प्रवाळावरून उचललेला जीव आपल्या आळसापायी मारण्यापेक्षा ते शंभर पटीने बरं. पण हॅचरीतून निघून तुमच्याकडे येईपर्यंत तो कोणाकोणाच्या पाण्यात राहिला? चांगल्या घरचा मुलगा एसटीने आला म्हणून त्याला खोकला लागत नाही का?

तिसरा म्हणतो, “लसूण चारा. लसणाच्या रसात भिजवून खाणं दिलं की रोग जातो.” हा उपाय देशोदेशी सांगतात. रोग जात नाही. फार तर मासा दोन घास जास्त खातो. मी मात्र हा उपाय घरात मोठ्याने वाचून दाखवण्याची चूक केली. स्वयंपाकघरातून आमच्या सौ.चा आवाज आला, “लसूण लावताच आहात तर जरा हळद आणि आगळही लावा. तवा मी ठेवते.”

चौथा जरा विचारी असतो. तो म्हणतो, “लहानशा उघड्याबोडक्या टाकीत माशाच्या जिवाला ताण नाही का होत?” याला मात्र मी हसत नाही. ताण होतो. मलाही शाळेत झाला होता. पण अंधारी खोली, लपायला पाइप, त्रास द्यायला कोणी नाही, वेळेवर घास. हे सगळं बरं, की प्रवासाने अर्धमेला झालेला असताना थेट सहा जुन्या रहिवाशांच्या तावडीत सापडणं बरं? मुंबईच्या लोकलमध्ये चौथ्या सीटवर बसलेल्या कोणालाही विचारा.

पाचवा सरळ म्हणतो, “माशाला कसलं आलंय कोरोंटाईन! ही साहेबी थेरं आहेत.” शब्द परका आहे, कबूल. 1377 साली एड्रियाटिक समुद्रावरच्या रागुसा शहराने, ज्याला आता दुब्रोव्हनिक म्हणतात, प्लेगच्या गावांहून येणाऱ्यांना तीस दिवस वेगळं ठेवायचा कायदा केला. पुढे व्हेनिसकडे त्याचे चाळीस झाले, आणि इटालियन ‘चाळीस’वरून हा शब्द जगभर गेला. पण अक्कल परकी नाही. आमचे आजोबा बाजारातून बैल आणत तो पंधरा दिवस परसातल्या फणसाखाली बांधत. गोठ्यात नाही. त्याची दावण वेगळी, पाण्याची बादली वेगळी. आजोबांना इटालियन येत नव्हतं.

आणि दादा! हाच दादा सप्टेंबर 2022 मध्ये, जेव्हा लम्पीने राज्यभर गुरं आजारी पडत होती आणि गुरांचे बाजार बंद होते, तेव्हा गोठ्याच्या दारात काठी घेऊन बसला होता. कोणाची वाट चुकलेली कालवडसुद्धा त्याने अंगणात येऊ दिली नाही. त्यानंतर जेमतेम महिन्याभराने, भाऊबीजेच्या रात्री, मी पिशवी कापली तेव्हा तो शेजारी उभा होता. त्याला सुचलं नाही, आणि मलाही. चार पायांच्या जनावराबद्दलची अक्कल पंखवाल्याला लावायची असते, हे कोणी शिकवलेलंच नव्हतं.

सरकारलासुद्धा हे कोळंबीने शिकवलं. 1994-95 च्या सुमारास पांढऱ्या ठिपक्यांच्या विषाणूने आपल्या किनाऱ्यांवरच्या कोळंबीच्या तळ्यांची वाताहत केली. तो विषाणू निराळा, माझा परजीवी निराळा. ठिपके तेवढे सारखे. मग 2009 पासून पैदाशीसाठी परदेशातून व्हॅनामी कोळंबी आणायची ठरली, तेव्हा तिच्यासाठी चेन्नईजवळ नीलांकराईला खास विलगीकरण केंद्र उभं राहिलं. विमानाने आलेल्या कोळंबीने आधी तिथे राहायचं, तपासण्या द्यायच्या, मग हॅचरीत जायचं. कढीत जाणाऱ्या कोळंबीच्या आईला इतका मान, आणि आपण ज्यांना ताई-बंड्या म्हणतो त्यांना तेवढाही नाही?

माझं सगळं भांडण या ‘मान’ शब्दापाशी येऊन थांबतं. मला शाळेत ठेवलं तेव्हा तो अपमान वाटला होता. पुढे रोज सकाळी शाळेतल्या टाकीसमोर स्टूल घेऊन बसायला लागलो, बंड्याचा श्वास मोजायला, उष्टं उचलायला, अमोनिया तपासायला, पाणी बदलायला, तेव्हा एक दिवस ध्यानात आलं की ज्याला हाकलायचं असतं त्याच्यासाठी कोणी इतकं करत नाही. मे महिन्याच्या उन्हात वहिनी दिवसातून दोनदा डबा घेऊन चालत येत होती. तिने कधी ‘काही होत नाही’ म्हटलं नाही. माझं काही होऊ नये आणि माझ्यामुळे कोणाचं काही होऊ नये, दोन्हींची काळजी तिने एकाच डब्यातून आणली होती. हे मी तिला अजून सांगितलेलं नाही. डब्यातली चटणी तिखट होती, एवढीच तक्रार तेव्हा केली होती.

बंड्या बरा झाला. मोठ्या टाकीत गेला. क्लाउन माशांत मादी गेली की उरलेला नर हळूहळू स्वतः मादी होतो. नंतर आणलेला लहान क्लाउन शाळेतले दिवस पुरे करून त्याच्या जोडीला आला आणि काही महिन्यांत बंड्या अंगाने मोठा झाला, रुबाब करू लागला. नातीला फोनवर हे समजावताना माझी तारांबळ उडाली, पण तिने एका क्षणात निकाल दिला. “म्हणजे आता बंड्याच ताई.” निळा पाहुणा मात्र मी मोठी टाकी असलेल्या एका माणसाला देऊन टाकला. तो फूटभर वाढतो, हेही मी आधी वाचलं नव्हतं.

गेल्या पावसाळ्याआधी दादाने नवी गाय घेतली. संध्याकाळी बघतो तर ती आजोबांच्या त्याच फणसाखाली बांधलेली. रस्त्याने जाणाऱ्या एका शेजाऱ्याने विचारलं, “काय रे, गोठा सोडून गाय बाहेर?”

“शाळेत घातलीय,” दादा म्हणाला.

“अरे, घे की आत. काही होत नाही!”

मी खिडकीतून बघत होतो. दादाने हातातला विळा खाली ठेवला, शेजाऱ्याला हाताला धरून ओटीवर बसवला, आत वळून वहिनीला दोन चहा सांगितले, आणि घसा साफ करून सुरुवात केली, “क्रिप्टोकॅरिऑन इरिटन्स म्हणून एक प्राणी असतो, बरं का...”